ट्रेकसाठी सुरी: चार इंच पुरे

पावसाळी ट्रेक जवळ आले की सुरीबद्दलचे प्रश्न येऊ लागतात, आणि दरवर्षी गोंधळ तोच असतो. ट्रेकवर सुरी लागते ती दोरी, कापड, भाजी, फार तर औषधाचं पाकीट कापायला. एवढं ध्यानात ठेवून पुढची उत्तरं वाचावीत.

मिटणारा चाकू घ्यावा की न मिटणारी सुरी? (पुणे)

न मिटणारी. बिजागरीत चिखल अडकत नाही, धुवायला सोपी, आणि जोर लावताना पातं बोटांवर मिटत नाही.

पातं किती लांब असावं? मित्र म्हणतो, निदान सात इंच. (ठाणे)

४ इंच. जाडी अडीच ते तीन मिलिमीटर. मित्राला सात इंची पात्यानं लसूण सोलायला सांगा.

कार्बन पोलाद चांगलं की स्टेनलेस? आणि ‘फुल टँग’च हवी का? (चिपळूण)

तुम्ही चिपळुणात राहता, पावसात फिरता. स्टेनलेस घ्या. कार्बन पोलादाला धार पटकन लागते हे खरं, पण जुलैत ओल्या म्यानात एक रात्र काढली की सकाळी पात्यावर तांबूस ठिपके दिसतात. त्यातही चामड्याचं म्यान असेल तर ते ओल धरून ठेवतं आणि गंज नेमका धारेवर चढतो. म्यान प्लास्टिकचं घ्या, तळाला पाणी निथळायला भोक असलेलं.

फुल टँग म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत एकसंध गेलेलं. असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. ‘मोरा’ या स्वीडनच्या कंपनीची ‘कंपॅनियन’ सुरी फुल टँग नाही, तरी जगभर लोक ती वर्षानुवर्षं वापरतात. पात्याच्या पाठीवर ठोकून ओंडके फोडायचे असतील तर टँगचा प्रश्न येतो. सह्याद्रीत ओंडके फोडायचं काही काम नाही, स्टोव्ह न्या. त्यापेक्षा मुठीकडे बघा. दुकानात हात ओला करून सुरी धरा. घसरली तर परत ठेवा.

ऑनलाइन आठशे रुपयांत ‘अस्सल डमास्कस’ मिळतेय. घेऊ का? (नागपूर)

नका घेऊ. खऱ्या डमास्कस पात्यात दोन प्रकारच्या पोलादाचे थर भट्टीत एकजीव केलेले असतात, त्याला मेहनत लागते आणि तिचे पैसे पडतात. आठशेत मिळते ती बहुधा साध्या पत्र्यावर आम्लानं किंवा लेसरनं काढलेली नक्षी. एका शिबिरात एका मुलानं अशीच सुरी हौसेनं दाखवायला आणली होती. हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून पात्याच्या कोपऱ्यावर दहा-बारा वेळा फिरवला, तर लाटा पुसल्या गेल्या आणि खाली सपाट, कोरा पत्रा. खऱ्या पात्यावरची नक्षीसुद्धा घासून फिकी होते, पण पुन्हा आम्लात धरली की उमटते, कारण ते थर आत असतात. विक्रेता पोलादाचं नाव सांगत नसेल तर व्यवहार तिथंच थांबवा. घ्यायचीच असेल तर सुरी घडवणाऱ्या माणसाला आधी दाखवा.

मुठीत होकायंत्र, काड्यापेटी आणि गळ असलेली सुरी कशी? (सोलापूर)

नको. मूठ पोकळ असली की पातं जेमतेम नटबोल्टवर तोललेलं असतं, आणि तिथंच तुटतं.

साप चावला तर जखमेवर चीर देऊन विष काढायला कोणती सुरी बरी? आमच्या ग्रुपमध्ये सगळे तेवढ्यासाठीच सुरी नेतात. (सातारा)

कोणतीही नाही. या उद्देशानं कुणी सुरी नेत असेल तर ती घरी ठेवा. हा प्रश्न दर मोसमात येतो आणि दर वेळी काळजी वाटते.

घोणस आणि फुरसं यांचं विष रक्ताची गोठण्याची शक्तीच घालवतं. त्या माणसाला तुम्ही चीर दिलीत तर ते रक्त थांबणार नाही. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर जातं, श्वास बंद पाडतं. तिथं चीर देऊन काहीच साधत नाही. वर शिरा, स्नायूबंध कापले जातात, जखम चिघळते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वेळ जातो. तोंडानं ओढून विष बाहेर येत नाही. आवळपट्टीही बांधू नका.

करायचं ते असं. माणसाला झोपवा, धीर द्या. अंगठी, कडं, घड्याळ, पैंजण काढा, कारण सूज येते. हाड मोडल्यावर बांधतो तसा तो हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. इथं मात्र सुरी कामाची: ओढणीच्या पट्ट्या कापायला, बूट निघत नसेल तर नाडी कापायला. त्याला चालवू नका, उचलून खाली आणा. १०८ ला फोन करा, चावल्याची वेळ लिहून ठेवा. साप पकडायला जाऊ नका. आपल्याकडची प्रतिविषाची लस या चारही सापांवर चालते. मण्यार चावल्याचं कधी कधी दुखतही नाही, म्हणून ‘काही होत नाहीये’ असं म्हणून रात्र काढू नका. आणि ट्रेकला निघण्यापूर्वी पायथ्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून लस शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे विचारा. बाकी शंका डॉक्टरांना विचारा, व्हॉट्सॲपला नको.

सुरी बाळगायला परवाना लागतो का? हरिश्चंद्रगडावर न्यायची आहे. (संगमनेर)

शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं येतात; घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. ४ इंची सुरी त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल तर सुरीवरही बंदी येऊ शकते, तेव्हा पोलीस ठाण्यात विचारा.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत सुरीचं नाव स्पष्ट घेतलेलं आहे, आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. भीमाशंकर, कोयना यांनाही हेच लागू. ‘सगळेच नेतात’ हे उत्तर वनरक्षकापुढे चालणार नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा. नाही म्हणाले तर भाजी घरूनच चिरून न्या.

विमानात केबिनच्या सामानात सुरी चालत नाही.

धार कशी लावायची? सायकलवाल्या धारवाल्याकडे देऊ का? (कोल्हापूर)

कोयता द्या, ही देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात, पातळ धार तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. धारेवर निळसर झाक आली की समजा, तेवढा भाग मऊ पडला. घरी पाणी लावून वापरायचा धारेचा दगड घ्या, एक हजार नंबरचा. पातं साधारण २० अंशांत तिरकं धरून दोन्ही बाजूंनी सारख्या वेळा ओढा, मग जुन्या चामडी पट्ट्यावर उलटं फिरवा. पहिल्यांदा एखाद्या जाणत्या सुताराकडून हात बसवून घ्या.

मुलगा अकरा वर्षांचा आहे. शिबिराला त्याला सुरी देऊ का? (डोंबिवली)

शिबिरप्रमुखांना विचारल्याशिवाय नाही. आधी घरी, तुमच्यासमोर, बसून कापायला शिकवा: पातं अंगापासून दूर चालवायचं, आणि दोन मांड्यांच्या मधे धरून काहीही कापायचं नाही. तिथून मोठी रोहिणी जाते.