वैमानिकालाच विमान लागतं तेव्हा

"मॅडम, हे बाहेर कुणाला सांगायची सोय नाही. पोरगं पायलट व्हायला गेलंय आणि त्याला विमान लागतंय."

आई एवढं बोलली आणि वडील खिडकीबाहेर बघायला लागले. सातारा जिल्ह्यातलं कुटुंब. (ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत.) वडील एसटीत ड्रायव्हर. मुलगा खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं काढून आता हैदराबादजवळ दुंडिगलला, हवाई दलाच्या अकादमीत विमान शिकत होता. पोराची निवड झाली तेव्हा स्टँडसमोर 'भावी वैमानिक' असा फ्लेक्स लागला होता, वर आमदारांचा फोटो. त्याच्या बरोबरीच्या बहुतेकांचं सोलो, म्हणजे शिक्षकाशिवाय पहिलं एकट्याचं उड्डाण, उरकलं होतं. याचं राहिलं होतं. आईचा प्रश्न सरळ होता : "झेपत नसेल तर आत्ताच माघारी बोलवू का?"

माझ्याकडे समुपदेशनाला मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे पालक हाच प्रश्न घेऊन येतात, आयआयटीचेही येतात. मी त्यावर हो-नाही म्हणत नाही, आधी मुलाला भेटते. हा टर्म ब्रेकमध्ये घरी आला तेव्हा भेटला. पाठ ताठ, केस बारीक, प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'मॅम'. पहिली वीस मिनिटं सगळं ठीकच होतं. मग मी सहज विचारलं, "उडायच्या दिवशी सकाळी काय खातोस?"

"काहीच नाही, मॅम."

तिथून बोलणं सुरू झालं. खडकवासल्याला सुपर डिमोना या मोटर ग्लायडरमधून फिरला तेव्हा याला काही झालं नव्हतं. दुंडिगलला पिलाटसमध्ये बसला. स्विस बनावटीचं हे विमान, शिकणारा पुढे आणि शिक्षक पाठीमागे. सुरुवातीच्याच एका सॉर्टीत, म्हणजे सरावाच्या उड्डाणात, शिक्षकांनी विमान जरा जोरात वळवून दाखवलं आणि याला ओव्हरऑलच्या खिशातली पिशवी काढावी लागली. शिक्षक रागावले नाहीत. "होतं असं, पुढे चल," एवढंच हेडफोनमधून म्हणाले. पण त्या दिवसापासून यानं नाश्ता सोडला. रिकाम्या पोटी मळमळ जास्तच होते. सुकं, हलकं काहीतरी पोटात असलेलं बरं. हे आपल्याकडे घाटात गाडी लागणाऱ्या कुठल्याही पोराला आजी सांगते.

आणि मग गोळ्यांचं निघालं. आईनं डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवला होता, त्यात खालच्या कागदाखाली गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांची पट्टी. पोरगा उड्डाणाआधी गुपचूप एक घ्यायचा.

एरवी मी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढला. असल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, हात-डोळे मंदावतात. बसच्या मागच्या सीटवर पेंगलं तर चालतं. विमान चालवणाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता कुठलंच औषध घ्यायचं नसतं. कदाचित सोलो रखडण्यात त्या गोळीचाही हात असेल. नक्की सांगता येणार नाही, पण माझा संशय गेला नाही.

"डॉक्टरांना सांगितलं तर उड्डाणातून काढतील," तो म्हणाला. सगळ्या गुपिताच्या तळाशी हीच भीती होती.

हवाई दलाच्या डॉक्टरांना हा त्रास नवा नाही, हे त्याला सांगणं माझं काम होतं. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यातला द्रव मेंदूला सांगतो की तू फिरतोयस. डोळे कॉकपिटमधल्या घड्याळांवर खिळलेले असले की ते सांगतात, तू स्थिर आहेस. या भांडणात पोट ढवळतं. पुष्कळांचं शरीर काही उड्डाणांत सरावतं. ज्यांचं सरावत नाही त्यांना हळूहळू सवय लावायचे उपचार आहेत, बंगळुरूला त्यासाठी इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिन आहे. सगळ्यांना गुण येतोच असं मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या भेटीत वडिलांना बरोबर बोलावलं. एवढा वेळ गप्प बसलेला माणूस अचानक म्हणाला, "मॅडम, पंचवीस वर्षं घाटात गाडी काढतोय. स्टेअरिंगवर असलो की काय न्हाय. पण हिच्या माहेराला जाताना मागं बसलो की खिडकी लागतीच मला."

पोरगा त्यांच्याकडे बघतच राहिला. बापालाही गाडी लागते हे त्याला पहिल्यांदा कळत होतं. माझं अर्धं काम त्यांनीच केलं, कारण हे शास्त्रालाही धरून आहे : पुढचं वळण ज्याला आधी माहीत असतं त्याला त्रास कमी होतो.

मग आम्ही खुर्चीतलं उड्डाण केलं. मी काही नवं काढलं नव्हतं. ही मुलं खोलीत खुर्चीवर बसून, डोळे मिटून आख्खी सॉर्टी मनात उडवतात, तिकडे तो रोजचा अभ्यासच असतो. मी फक्त मोठ्यानं बोलायला लावलं. दोन गुडघ्यांत माझी छत्री, तीच स्टिक. टेक-ऑफ, वळण, डाउनविंड, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेनं. चाकं खाली, तीन हिरवे दिवे. फायनलचं, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीच्या रेषेत येण्याचं, वळण आलं आणि त्याचा जबडा आवळला. डावा हात पोटावर गेला.

"आत्ता काय बघत होतास?"

"पोट. येतंय का ते."

एवढ्या घड्याळांत त्यानं पोटाचं एक घड्याळ आणखी बसवलं होतं, आणि ऐन उतरायच्या वेळी डोळा त्याच्यावर. पुन्हा केलं. पोटाकडे लक्ष गेलं की मोठ्यानं 'पोट' म्हणायचं आणि लगेच पुढची कृती बोलायची : वेग, धावपट्टी, वेग, धावपट्टी. सहाव्या खेपेला 'पोट' एकदाच आलं.

परत गेल्यावर त्यानं गोळ्यांसकट सगळं डॉक्टरांना सांगितलं. काही दिवस उड्डाण थांबलं. ते दिवस घरच्यांना फार जड गेले, आईचे मला रोज फोन. "सोलो झालं का?" हे त्याला विचारायचं नाही, जेवलास का एवढंच विचारायचं, असं मी बजावलं होतं. तिनं ते पाळलं. वडिलांना मात्र दोनदा राहवलं नाही.

याच वाटेवरचा दुसरा एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्यानं सगळं नीट केलं, तरी त्याचं उड्डाण सुटलं. तो आज जमिनीवरच्या शाखेत अधिकारी आहे आणि पहिलं वर्ष त्याला फार कडू गेलं. म्हणून "बोलवू का माघारी" या प्रश्नाला मी एवढंच म्हणते : तो निर्णय तिकडचे लोक उड्डाण बघून घेतील, नाहीतर मुलगा स्वतः घेईल. आपण घरून घेऊ नये.

याचं सोलो झालं, सगळ्यांत शेवटच्या दोघांत. खाली उतरल्यावर लक्षात आलं म्हणे, की वर 'पोट' म्हणायचं राहूनच गेलं.

आईचा संध्याकाळी फोन आला. बोलणं संपता संपता हळूच विचारलं, "मॅडम, नुसते लाडू पाठवले तर चालतील ना?"