पाणी चढलं की कॉल का तुटतो?

प्रश्न : धडगाव तालुक्यात नर्मदेच्या बॅकवॉटरकाठी आमचं उपकेंद्र आहे. समोरच्या टेकडीवरून पाण्यावरून वायरलेस लाइन घेतली आहे. मे महिन्यात ई-संजीवनीचे (डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायच्या सरकारी सेवेचे) कॉल छान लागले. ऑगस्टनंतर दर दोन मिनिटांनी तुटतात. दिवसभर ढग असले की दुसऱ्या दिवशी सकाळीच सोलर मान टाकतं. नवीन यंत्र मागवावं का?
— समुदाय आरोग्य अधिकारी

उत्तर : यंत्र राहू द्या, आधी पाणी बघा. तुमचं बॅकवॉटर सरदार सरोवर धरणाचं, त्याची पूर्ण पातळी 138.68 मीटर. पाणी तिकडे चढू लागलं की त्यावरून उसळून येणाऱ्या लहरीचं अंतर बदलतं आणि ती सरळ येणाऱ्या लहरीला मारक ठरते. उन्हाळ्यात जुळवलेला 5 गिगाहर्ट्झचा अँटेना म्हणून पावसाळ्यात रुसतो. एका टोकाचा अँटेना खांबावर थोडाथोडा वर-खाली सरकवत सिग्नल वाचा, तेही पाणी भरलेलं असतानाच. जमलं तर हे टोक काठापासून आत घ्या. काठाच्या उंचवट्याआड पाणी झाकलं की निम्मा त्रास जातो.

टेकडीवर 4जी राउटर खाली आणि अँटेना वर, असं तर नाही ना? बारीक आरजी-58 केबल 10 मीटरमध्ये बहुतेक सिग्नल गिळते. राउटर डब्यात घालून खांबावरच बसवा, खाली लॅनची केबल आणा.

आता सोलर. रिसीव्हर-राउटर 15 वॅट, टॅबचा चार्जर 15, दिवा 10. सहा तासांचे झाले 240 वॅट-तास. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची, तिचे 600. म्हणजे अडीच दिवस निघायला हवेत. पण इन्व्हर्टर चोवीस तास चालू असेल, तर तो रिकामाच 15 वॅटने 360 खातो. दोन्ही मिळून 600, एका दिवसात खेळ खलास! तो काढा, टॅबला गाडीतला चार्जर लावा. रिसीव्हर 24 व्होल्टचा असल्यास छोटा डीसी कन्व्हर्टर लागेल.

कॉलआधी अपलोडचा वेग तपासा, डाउनलोडचा नव्हे. तो कमी असेल तर व्हिडिओ बंद, आवाज चालू. जखमेचा फोटो आधी चढवा. इथली पावरी बोली न कळणाऱ्या डॉक्टरांशी बोलताना आशाताई शेजारी हव्यातच.

दंडाचा घेर 22 सेंटिमीटरहून कमी असेल तर बीपीचा छोटा कफ वापरा. मोठा कफ आकडा कमी दाखवतो, आणि गरोदर बाईचा वाढलेला बीपी तिथेच निसटतो. साप चावला, झटका आला, तर कॉल जुळवत बसू नका. आधी बोट बोलवा.