पोर्ट वाईन इतकी गोड का असते? वरून साखर घालतात का?

नाही, खऱ्या पोर्टमध्ये साखर घालत नाहीत. तो गोडवा द्राक्षाचाच असतो. पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यात, पाटीच्या दगडाच्या तापलेल्या उतारांवर ही द्राक्षं पिकतात, ती मुळातच साखरेने भरलेली. रस आंबायला लागला की यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. साध्या वाईनमध्ये हे जवळपास सगळी साखर संपेपर्यंत चालू देतात. पोर्टमध्ये मात्र दोन-तीन दिवसांतच, निम्मीअधिक साखर शिल्लक असताना, त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात: साधारण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर. यीस्ट मरतं, साखर तशीच राहते आणि वाईन १९ ते २२ टक्क्यांवर जाते. वेळ साधणं हेच खरं कसब! पुढचा फरक मुरवण्याचा, त्यावरून पोर्टचे दोन मुख्य प्रकार होतात:

- रूबी: मोठ्या टाक्यांत थोडी वर्षं, हवा कमी लागते, म्हणून लालभडक आणि फळाच्या चवीची.
- टॉनी: लहान लाकडी पिंपांत बरीच वर्षं; लाकडातून हवा झिरपते, रंग विटकरी होतो, चव अक्रोड-सुक्या अंजिरासारखी. मला हीच जास्त आवडते. लेबलवरचं '२० वर्षं' हे मिश्रणाचं वय असतं, त्यातल्या प्रत्येक थेंबाचं नव्हे.

फक्त एक लक्षात ठेवा, हे दोरूच्या पोर्टबद्दल झालं. गोव्यात 'पोर्ट' म्हणून मिळणारी स्वस्त गोड वाईन वेगळी, तिला हे नियम लागू नाहीत.