राहणीमान, जीवनमान आणि 'सतत' विकास

प्रश्न इंदूरचाच आहे. सुदामानगरातल्या एका ताईंच्या मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका निघते आहे आणि त्यासाठी एक हिंदी लेख त्यांना मराठीत करून द्यायचा आहे. विषय असा की एखाद्या प्रदेशाचं बरं चाललंय की नाही, हे नुसत्या उत्पन्नाच्या आकड्यावरून का ठरवू नये. त्या विचारतात, "'जीवन की गुणवत्ता'ला राहणीमान लिहू की जीवनमान? आणि 'सतत विकास' तसंच ठेवलं तर चालेल ना? शब्द तर संस्कृतच आहे."

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घसरायला जागा तिथे जास्त आहे. नाही चालणार. 'शिक्षा' आणि 'चेष्टा' (हिंदीत शिक्षण आणि प्रयत्न) यांच्याबाबतीत आपण इंदूरकर सावध असतो. हिंदीतली 'उच्च शिक्षा' मराठीत जशीच्या तशी लिहिली तर मंडळी हसतील हे माहीत असतं. 'सतत' त्या मानाने लबाड शब्द. तो खपून जातो. पण मराठीत सतत काय काय चालू असतं ते आठवा: सतत पाऊस, सतत कटकट, सतत मोबाइल. न थांबता चाललेलं, आणि बहुतेकदा ऐकणाऱ्याला नको झालेलं. हिंदीत ज्याला 'सतत विकास' म्हणतात, ती 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट'ची कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाने १९८७ साली मांडली ती अशी, की आजच्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येणारच नाहीत अशी वेळ आणू नये. म्हणजे कुठे हात आखडायचा, हा विचार तिच्या पोटातच आहे. मराठी कानाला मात्र 'सतत विकास' म्हणजे ब्रेक नसलेली गाडी ऐकू येते.

मराठीत 'शाश्वत विकास' रुळला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेली १७ उद्दिष्टंही मराठीत 'शाश्वत विकास उद्दिष्टे' म्हणूनच येतात. तेच लिहा. माझं मन मात्र त्यावर पूर्ण बसत नाही. शाश्वत हा आत्म्याचा शब्द, कीर्तनातला. नाल्याच्या पाण्याला किंवा बसगाड्यांना तो जरा मोठा होतो. 'टिकाऊ' म्हणावं तर चप्पल आठवते. आमच्या आजीकडे या कल्पनेसाठी साधं क्रियापद होतं, पुरवणं. "तूप पुरवून वापरा, दिवाळीपर्यंत जायचंय." आहे त्यात भागवणं आणि पुढच्यासाठी शिल्लक ठेवणं, दोन्ही त्यात आलं. या अर्थाचं त्याचं नाम काही बनत नाही, म्हणून परिभाषेत ते घुसलं नाही. पण लेखाच्या ओघात 'पाणी पुरवून वापरणारं शहर' असं कुठे लिहिता आलं तर जरूर लिहा.

इंदूरच्या पाण्याला तर हे क्रियापद फारच लागू आहे. 'मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर' ही ओळ तुमच्या हिंदी लेखात असेलच (रोटी डगावर की पगावर, यावर घरोघरी पाठभेद आहेत). उत्पन्नाचे तक्ते निघण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी प्रदेशाचं मोजमाप केलं, आणि एकक काय घेतलं, तर पाऊल. किती पावलांवर खायला मिळतं, किती पावलांवर प्यायला. आज त्याच माळव्यातलं हे शहर नर्मदेचं पाणी पितं. ते १९७८ पासून निमाडातल्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरांवरून पंपांनी चढवून आणलं जातं. त्या पंपांच्या विजेचा भार हलका व्हावा म्हणून महापालिकेने २०२३ साली २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी उभारलेलं कर्ज) काढले, जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला. नळ उघडला की पाणी येतं, हे आपलं राहणीमान. ते कुठून, किती वीज जाळून येतं आणि किती वर्षं येत राहील, हा हिशेब राहणीमानात बसत नाही.

आता पहिला प्रश्न. 'मान' मराठीत तीन. एक गळ्यामागची, ती संस्कृत 'मन्या'वरून आली. दुसरा लग्नात आहेराबरोबर द्यायचा, 'मन्' धातूचा. तिसरा 'मा' म्हणजे मोजणे या धातूचा, जो पर्जन्यमान, तापमान, आयुर्मान यांत आहे. राहणीमान आणि जीवनमान यांतला मान हा तिसरा. म्हणजे राहणीमान हे राहणीचं माप. आणि राहणी म्हणजे घर, कपडालत्ता, खाणंपिणं, वस्तू. 'साधी राहणी' आपण कौतुकाने म्हणतो, त्या माणसाचं जगणं हलकं आहे असं सुचवायला नव्हे. तेव्हा राहणी हा जगण्याचा एक तुकडा झाला.

याला चांगला पुरावा मानव विकास निर्देशांकाचा आहे. देशांची प्रगती नुसत्या उत्पन्नावर न मोजणारा हा आकडा १९९० साली अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन प्रभृतींच्या मदतीने आणला. त्यात तीन गोष्टी धरतात: दीर्घ, निरोगी आयुष्य, शिक्षण, आणि तिसरं राहणीमान, जे दरडोई उत्पन्नावरून काढतात. राहणीमान जर तीन भागांतला एक भाग असेल, तर तेच नाव तिन्हींच्या बेरजेला कसं देणार? 'जीवनमान' थोडं ऐसपैस आहे, पण वर्तमानपत्रांनी 'महागाईने जीवनमान घसरले' असं लिहून लिहून त्यालाही खिशाशी बांधून टाकलंय. 'जीवनाची गुणवत्ता' चुकीचं नाही. मला मात्र त्यात दहावीची गुणवत्ता यादी दिसते. मी 'जगण्याचा दर्जा' लिहीन. 'दर्जा' अरबीतून आला म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

गुणवत्ता यादी उगाच आठवली नाही म्हणा. केंद्राच्या २०२० च्या 'ईज ऑफ लिव्हिंग' निर्देशांकात दहा लाखांवरच्या शहरांत आपण नववे होतो, बडोदेकर आठवे. त्याच वेळी महापालिकेच्या कामगिरीच्या निर्देशांकात इंदूर पहिलं. पालिका पहिली आणि राहणं नववं, हे कोडं वाटतं, पण दोन याद्या दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. राहण्याच्या यादीत जगण्याचा दर्जा, आर्थिक क्षमता आणि शाश्वतता यांच्या जोडीला ३० टक्के गुण खुद्द नागरिकांना विचारून दिले होते.

या विचारण्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, खुशाली. "इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी." तुमच्या लेखात भूतानचं 'सकल राष्ट्रीय खुशहाली' आलं असेल. हिंदीत खुशहाली म्हणजे भरभराट, मराठीत खुशाली म्हणजे कसे आहात याची बातमी. एकाच घरातल्या दोन बहिणी, पण स्वभाव निराळे. भूतानमध्ये मोजतात ते आपल्या खुशालीच्या अधिक जवळचं आहे: नऊ क्षेत्रं, आणि त्यांत झोप किती होते, शेजाऱ्यांशी कसं आहे, हेही विचारतात. तरी अनुवादात 'सकल राष्ट्रीय आनंद'च लिहा, नाहीतर वाचक गोंधळतील. आपल्या मध्य प्रदेश सरकारनेही २०१६ मध्ये आनंद विभागच काढला होता, समाधान विभाग नाही. मला समाधान जास्त आवडलं असतं, पण माझं कोण ऐकतंय.

जाता जाता 'वाढ' आणि 'विकास'. हिंदी लेखात 'आर्थिक विकास' दोन्ही अर्थांनी आला असण्याची शक्यता आहे. जिथे नुसता आकडा फुगल्याचं म्हटलंय तिथे 'वाढ' लिहा. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची रीत घालून देणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली बजावलं होतं की या आकड्यावरून राष्ट्राचं कल्याण ताडता येत नाही. विजयनगरच्या जाममध्ये पेट्रोल जळलं, उत्पन्न वाढलं. बोरिंग सुकलं, टँकर मागवला, पुन्हा वाढलं. घरी आईने पोळ्या केल्या, काही नाही. 'वाढ' शब्दाला हे शोभतंही, कारण मराठीत नारळ फोडला तरी आपण 'वाढवला' म्हणतो आणि बांगडी फुटली तरी 'वाढली'.

तर सूचकांकाचा निर्देशांक करा, सततचं शाश्वत, गुणवत्तेचा दर्जा. माळव्याची ती ओळ मात्र हिंदीतच राहू द्या. आणि छापायला जाण्याआधी मुद्रितं एकदा माझ्याकडे पाठवा. 'खुशहाली'चं काय केलंत ते बघायचंय.