आतल्या पानांवरचा देश

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. न्यूजरूममध्ये रुजू झाल्या झाल्या तुझ्या मनात आलेला प्रश्न या कामात प्रत्येकाला कधी ना कधी गाठतोच. देशावर प्रसंग आला तर बातमीदाराने देशाच्या बाजूने लिहायचं की तटस्थ राहायचं? त्याचं उत्तर देते. पण देश म्हणजे नेमकं कोण, त्यात कोणाला धरायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं, हे युद्धाच्या दिवशी ठरत नाही. रोजच्या साध्या मजकुरात ते हळूहळू ठरत गेलेलं असतं आणि प्रसंगाच्या दिवशी उघडं पडतं. म्हणून या पत्रात पहिल्या पानापेक्षा आतल्या पानांबद्दलच जास्त लिहिणार आहे.

तरी आधी तुझा प्रश्न. एप्रिल १९८२मध्ये अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधली, ब्रिटनच्या अखत्यारीतली फॉकलंड बेटं ताब्यात घेतली आणि ब्रिटनने आरमार पाठवलं. बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ कार्यक्रमात पीटर स्नो दोन्ही सरकारांचे दावे शेजारी शेजारी ठेवून तपासत होते. ते ‘आपलं सैन्य’ म्हणत नसत, ‘ब्रिटिश सैन्य’ म्हणत. ब्रिटिश सरकार आपल्यापासून काही लपवतंय असं सिद्ध होत नाही तोवर त्यांच्या माहितीवर अधिक विश्वास ठेवावा लागेल, अशा अर्थाचं ते बोलले. म्हणजे कौल ब्रिटनच्याच बाजूने होता, पण तोही तपासून दिलेला. एवढ्यावरून गदारोळ उठला. एका खासदाराला त्यात जवळजवळ देशद्रोह दिसला. आपल्याला आणि अर्जेंटिनाला एकाच मापाने मोजलं जातंय असं कधी कधी वाटतं, अशी तक्रार पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी संसदेत केली. ‘द सन’ने तर अग्रलेखातूनच देशद्रोहाचा आरोप केला. याच वृत्तपत्राने ‘जनरल बेलग्रानो’ ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडाल्याची बातमी विजयाची आरोळी ठोकल्यासारखी छापली होती आणि जीवितहानी मोठी असल्याचं कळू लागल्यावर पुढच्या आवृत्तीत मथळा बदलला होता. त्या नौकेवरची ३२३ माणसं गेली. त्याच दिवसांत बीबीसीचे एक वरिष्ठ अधिकारी रिचर्ड फ्रान्सिस म्हणाले की, ब्रिटनमधल्या पोर्ट्समथची विधवा आणि अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्सची विधवा यांत फरक नाही. त्यांच्यावरही टीकेची झोड उठली.

माझ्या मते स्नो बरोबर होते. त्यांचा कार्यक्रम पाहणाऱ्यांत ज्यांचे मुलगे आणि नवरे त्या जहाजांवर होते असे लोकही होते. सरकार चुकीचं सांगत असतं तर त्याची किंमत सगळ्यांत आधी याच घरांना मोजावी लागली असती. आपल्या वाचकाला खरं कळावं म्हणून धडपडणं म्हणजे देशाकडे पाठ फिरवणं आहे, असं तुला कोणी सांगितलं तर मान खाली घालू नकोस. तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे. वादाच्या दिवसात ते पाळणं कठीण जातं, पण समजायला अवघड नाही.

अवघड भाग आतल्या पानांचा. मायकल बिलिग या समाजमानसशास्त्रज्ञाने ब्रिटनमधली राष्ट्रीय दैनिकं एका दिवसापुरती बारकाईने तपासली. तारीख होती २८ जून १९९३. देश फक्त राजकारणाच्या पानावर नव्हता. तो हवामानाच्या रकान्यात होता, खेळाच्या पानांवर होता, आणि कोणत्या देशाचे ते न सांगता नुसतं ‘पंतप्रधान’ लिहिण्यातही होता. वाचणारा कोण आहे हे लिहिणाऱ्याने आधीच धरून चाललेलं असतं. यात वाईट काही नाही. कोणत्याही वृत्तपत्राला समोर कोणी तरी धरूनच लिहावं लागतं. बिघडतं ते तेव्हा, जेव्हा त्याच गावात राहणारा, तेच कर भरणारा माणूस त्या धरलेल्या वाचकांत नसतो आणि त्याला ते रोज सकाळी कळत असतं.

हे कसं घडतं याचा सर्वांत प्रामाणिक हिशेब एका वृत्तपत्राने स्वतःच मांडला आहे. अमेरिकेतल्या ‘कॅन्सस सिटी स्टार’ने डिसेंबर २०२०मध्ये स्वतःचे जुने अंक उघडून बसण्याचं धाडस केलं. आपण कृष्णवर्णीय शहरवासीयांबद्दल काय छापलं आणि काय छापलंच नाही, हे बातमीदारांनी तपासलं. ‘कॅन्सस सिटी कॉल’सारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांशी ते ताडून पाहिलं आणि मग संपादकांनी पहिल्या पानावर माफी मागितली. त्या तपासणीतल्या दोन गोष्टी मला विसरता येत नाहीत. १९७७च्या पुरात २५ माणसं दगावली, त्यांत ८ कृष्णवर्णीय होते. पण वृत्तांकनाचा भर शहरातल्या उच्चभ्रू बाजारपेठेच्या नुकसानीवर राहिला. दुसरी गोष्ट चार्ली पार्करची. जॅझ संगीतात ज्याचं नाव जगाने घेतलं, तो याच शहरात वाढला. या वृत्तपत्रात त्याच्यावर ठळक मथळा आला तो तो गेल्यावर, आणि तेव्हाही त्याचं नाव चुकीचं लिहिलं होतं आणि वयही.

त्या पुराची एक एक बातमी वेगळी काढून वाचलीस तर बाजारपेठेचं नुकसान खोटं नव्हतं, मथळ्यात शिवी नव्हती, कोणाचा अपमान करायचा हेतूही कदाचित नव्हता. म्हणून तर हे पकडणं कठीण. गाळलेली बातमी डेस्कवर कोणाच्या समोर येतच नाही, मग तिची चूक कोण काढणार? ज्यांना असं गाळलं गेलं त्यांनी मग स्वतःची पत्रं काढली. न्यू यॉर्कमध्ये १८२७ साली निघालेल्या ‘फ्रीडम्स जर्नल’ने पहिल्याच अंकात सांगितलं की आमची बाजू आता आम्हीच मांडणार, आमच्या वतीने इतरांनी फार काळ बोलून झालं. ३१ जानेवारी १९२०ला डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं त्यामागेही हीच निकड होती. तुझ्या कार्यालयात मोठ्या दैनिकांच्या फायली असतील. अशा छोट्या पत्रांच्या फायली जिथे मिळतील तिथे जाऊन वाच. एकाच वर्षाचे दोन्हींचे अंक शेजारी ठेवलेस तर जे शिकशील ते कोणत्याही अभ्यासक्रमात मिळणार नाही.

गाळण्याइतकंच काम शब्दही करतात. ऑगस्ट २००५च्या अखेरीस कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं. घरदार सोडावं लागलेल्या तिथल्या लोकांसाठी बातम्यांत ‘निर्वासित’ हा शब्द सर्रास येऊ लागला आणि त्यावर संताप उसळला. आम्ही याच देशाचे नागरिक आहोत, आम्हाला परके का करता, असं लोक विचारू लागले. ते निर्वासित नाहीत, अमेरिकन आहेत, असं राष्ट्राध्यक्ष बुश यांनाही म्हणावं लागलं. काही मोठ्या वृत्तपत्रांनी तो शब्द थांबवला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मात्र योग्य वाटेल तिथे वापरत राहायचं ठरवलं. आसरा शोधणारा तो निर्वासित, असा शब्दकोशाचा आधार त्या बाजूला होता. मला तो पुरेसा वाटत नाही. छतावर बसून मदतीची वाट पाहणाऱ्या नागरिकाचा सरकारवर हक्क असतो. त्याला निर्वासित म्हटलं की तीच मदत उपकार वाटू लागते. त्याच आठवड्यात दोन एजन्सींचे दोन फोटो गाजले. दोन्हींत पाण्यातून सामान घेऊन चाललेली माणसं. कृष्णवर्णीय तरुणाच्या फोटोखाली ‘लूट’ होती, गोऱ्या जोडप्याच्या फोटोखाली सामान ‘सापडल्याचं’ लिहिलं होतं. फोटोओळ लिहायला आपण सगळ्यांत कमी वेळ देतो, आणि वाचक ती सगळ्यांत आधी वाचतो.

हे प्रकरण कुठवर जाऊ शकतं ते रवांडाने दाखवलं. ‘आरटीएलएम’ हे रेडिओ केंद्र १९९३मध्ये सुरू झालं तेव्हा लोकांना ते गाण्यांसाठी, गप्पांसाठी, रस्त्यावरच्या बोलीसाठी आवडलं. त्या गप्पांमधूनच तुत्सी या तिथल्या अल्पसंख्य समाजाला झुरळं म्हणणं अंगवळणी पडत गेलं. १९९४च्या नरसंहारात त्याच केंद्रावरून लोकांची नावं आणि ठिकाणं सांगितली गेली. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या केंद्राच्या चालकांना दोषी ठरवलं.

आता उलट बाजू, आणि ती तुला सविस्तर सांगायची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरांतून उचलून छावण्यांत ठेवलं. त्यांतले जवळपास दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. किनाऱ्यावरच्या बहुतेक वृत्तपत्रांनी याला पाठिंबा दिला. सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावरून ३० मार्च १९४२ला २२७ जणांना सैनिकांच्या पहाऱ्यात बोटीवर चढवण्यात आलं. तिथलं छोटं साप्ताहिक ‘बेनब्रिज रिव्ह्यू’ वॉल्ट आणि मिली वुडवर्ड हे जोडपं चालवत होतं. त्यांनी अग्रलेखांतून या हकालपट्टीला विरोध केला आणि त्यापायी वर्गणीदारही गमावले.

पण मला त्यांच्या अग्रलेखांहून मोठं वाटतं ते त्यांचं दुसरं काम. छावणीत गेलेल्या बेटावरच्या तरुणांनाच त्यांनी वार्ताहर नेमलं. मॅन्झनारच्या आणि नंतर मिनिडोकाच्या छावणीतून हे तरुण बातम्या पाठवत. कोणाकडे बाळ झालं, कोणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे, कोण वारलं, बेसबॉलच्या सामन्यात कोण जिंकलं. वुडवर्ड या बातम्या बेटावरच्या इतर बातम्यांबरोबर छापत राहिले. युद्ध संपून ही माणसं परततील तेव्हा शेजाऱ्यांना ती अनोळखी वाटू नयेत, हा त्यांचा विचार होता. परतीला विरोध करणारेही बेटावर निघाले, पण तो विरोध टिकला नाही, आणि हलवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक परत आले. याचं सगळं श्रेय एका साप्ताहिकाला देता येणार नाही. पण सरकारने ज्यांना परकं ठरवलं, त्यांच्या बारशाची आणि सामन्याची बातमी दर आठवड्याला छापून वुडवर्ड यांनी त्यांना गावात ठेवलं, हे निर्विवाद आहे.

तू म्हणशील, आता छापील अंक वाचतो कोण, सगळं मोबाईलवर येतं. खरं आहे. मोबाईलवर मथळा आणि फोटोओळ एवढंच शिल्लक राहतं, म्हणून त्या दोन ओळींवर आणखी वेळ घालव. आणि नावं, बाई, नावं नीट लिही. ज्या समाजातली नावं तुझ्या ओळखीची नाहीत, तिथे त्या माणसालाच विचारून अक्षरं पक्की करून घे. गुन्ह्याच्या बातमीत आरोपीचा वंश, धर्म किंवा मूळ गाव आलं, तर बहुसंख्य समाजातल्या आरोपीच्या बातमीतही ते लिहिलं असतं का, हे विचार. नसतं, तर काढून टाक.

शेवटी तुझ्यावर सोपवलेल्या लेखाबद्दल. राष्ट्रीय दिनाच्या अंकासाठी स्थलांतरितांच्या वस्तीत जाऊन ‘या देशाबद्दल तुम्हाला काय वाटतं’ हे विचारून यायला तुला सांगितलंय. संपादकांचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. पण हा प्रश्न विचारू नकोस. तुझ्या शेजाऱ्यांना तो कोणी विचारत नाही, त्यांचं उत्तर गृहीत असतं. वस्तीतल्या माणसाला तो विचारलास की तुझं उत्तर अजून आम्हाला मान्य व्हायचं आहे, असं त्याला तू सांगून बसशील, आणि त्याने कितीही प्रेमाने उत्तर दिलं तरी छापून येईल ती परीक्षाच. त्यापेक्षा त्यांना शाळेबद्दल विचार, दवाखान्याच्या रांगेबद्दल, कामावरच्या पाळ्यांबद्दल, नव्या कायद्याबद्दल; म्हणजे जे कोणत्याही नागरिकाला विचारशील ते. आणि त्यांची मतं फक्त या एका लेखात नकोत. पुढच्या महिन्यात महागाईवर लिहिशील तेव्हाही यांतल्या कोणाला तरी फोन कर. संपादकांशी आधी बोल, कारण मागितलेला लेख न सांगता बदलणं बरोबर नाही. त्यांनी होकार दिला तर पहिला खर्डा मला पाठव. छापायला जायच्या आत वाचून देते.

तुझी,
ताई