तमिळ भजनांमध्ये मराठी अभंग कसे आले?

कर्नाटक संगीताच्या मैफलीत अखेरीस अभंग का गायला जातो, याचे उत्तर तंजावरात सापडते. 1676 च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी तेथे राज्य स्थापन केले आणि 1855 पर्यंत टिकलेल्या त्या मराठी राजवटीच्या आश्रयाने समर्थ संप्रदायाचे मठ, कीर्तनकार आणि संतांची पदे कावेरीकाठी पोहोचली. त्याच परिसरात बोधेंद्र सरस्वती, श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरू स्वामी यांनी भजन संप्रदाय घडवला. त्यात तोडयमंगलम (भजनाच्या आरंभीची मंगलपदे), जयदेवाच्या अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग (कृष्णलीलांवरची संस्कृत पदे), भद्राचल रामदास व पुरंदरदासांची पदे आणि दिव्याभोवती फेर धरून गायची दिव्यनामे यांच्यासोबत तुकाराम-नामदेवांचे अभंगही म्हटले जातात. म्हणजे एकाच बैठकीत संस्कृत, तेलुगू, कन्नड, तमिळ आणि मराठी, आणि त्याचे कोणालाही नवल वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात मोरगावकरबुवांसारख्या मराठी कीर्तनकारांनी तंजावर गाजवले. त्यांचा ढंग आत्मसात करून कृष्ण भागवतर (1841-1903) यांनी तेथील हरिकथेला नवे रूप दिले, आणि साकी, दिंडी, ओवी या मराठी चाली तमिळ कथाकारांच्या तोंडी रुळल्या.

आजच्या गायकांपैकी मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम यांचा ‘तीर्थ विठ्ठल’ अवश्य ऐकावा. उच्चार कुठे वेगळा वाटेलही, पण माझ्या मते लयीचा जोर अस्सल वारकरी आहे. त्यानंतर ओ. एस. अरुण यांचे अभंग ऐकावेत.