वाचकांचे प्रश्न: शंभरातले किती, आणि कोणते शंभर?

या वेळी आलेल्या पत्रांत एक समान धागा आहे. घरात काहीतरी ठरवायचं आहे आणि हाती एक टक्केवारी आली आहे. ती कितपत धरायची? म्हणून चार पत्रांना एकत्रच उत्तरं देत आहोत.

प्रश्न (फोंडा): माझ्या वहिनीला सातवा महिना लागलाय, पहिलीच खेप. गोव्यात दहातल्या चार बायकांचं सिझर होतं असं सगळे सांगतात. हे खरं का? आणि कुठल्या इस्पितळात किती सिझर होतात हे आम्हाला कसं कळणार?

उत्तर: आकडा खरा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) गोव्यात 39.5 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं नोंदलं गेलं. त्याआधीच्या 2015-16 च्या फेरीत ते 31.4 टक्के होतं. देशाची सरासरी 21.5. मात्र त्यात पाहणीपूर्वीच्या पाच वर्षांतली बाळंतपणं धरलेली आहेत, म्हणजे आकडा आजचा नाही.

मूळ कागद स्वतः पाहा. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या संकेतस्थळावर राज्याची आणि उत्तर व दक्षिण गोव्याची वेगवेगळी तथ्यपत्रकं फुकट मिळतात. सिझेरियनच्या तीन ओळी असतात: एकूण, खासगी, सरकारी. वाचताना कंसाकडे लक्ष ठेवा. आकडा कंसात असेल तर तो फक्त 25 ते 49 जणींवरून काढलेला आहे. आकड्याच्या जागी फुली (*) असेल तर 25 सुद्धा भरल्या नव्हत्या. गोव्यात मिळून 2,030 स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आणि त्यातल्या थोड्याच नुकत्या बाळंत झालेल्या होत्या. म्हणून जिल्ह्यांमधल्या दोन-चार टक्क्यांच्या फरकावरून काही ठरवू नका.

पण यातला कुठलाच आकडा तुमच्या वहिनीचा नाही. आधीचं सिझर, जुळी, पायाळू मूल, मुदतीआधीच्या कळा, सगळं त्यात एकत्र आहे. आणि अवघड केसेस म्हापशाहून, मडगावहून बांबोळीला पाठवल्या जातात, त्यामुळे तिथल्या गोमेकॉसारख्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या) ठिकाणी प्रमाण जास्त दिसलं तर तो डॉक्टरांचा दोष ठरत नाही. याच कारणाने जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की इस्पितळांची तुलना रॉबसनच्या दहा गटांनी करावी, म्हणजे कितवी खेप, आधीचं सिझर, मुलं किती, मूल कसं आहे, आठवडे किती, कळा कशा सुरू झाल्या, यावरून बाळंतिणींचे गट पाडून. वहिनी बहुधा पहिल्या गटात येतील. तेव्हा नावनोंदणीच्या वेळी डॉक्टरांना असं विचारा:

'पहिलटकरीण, एकच मूल, डोकं खाली, 37 आठवडे पूर्ण, कळा आपोआप सुरू झालेल्या, अशा गेल्या वर्षी तुमच्याकडे किती आल्या? त्यातल्या किती जणींचं सिझर झालं?'

दोन्ही आकडे मागा, नुसती टक्केवारी घेऊ नका. वीसपैकी पाच आणि चारशेपैकी शंभर, दोन्ही 25 टक्केच. पण वीसवरून काढलेलं खरं प्रमाण 9 ते 49 टक्क्यांत कुठेही असू शकतं, चारशेवरून काढलेलं साधारण 21 ते 29 मध्ये. वर्षाला वीस पहिलटकरणी येणाऱ्या दवाखान्याची टक्केवारी तुम्हाला काहीच सांगत नाही. तिथे रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतो, रक्ताची सोय कुठून होते, हे विचारणं जास्त उपयोगी.

ही नोंद सगळीकडे ठेवलेली नसते. नसली तर तसं स्पष्ट सांगणारा डॉक्टर 'आमच्याकडे सगळं नॉर्मलच होतं' म्हणणाऱ्यापेक्षा बरा. आणि सर्वांत कमी सिझर करणारी जागा शोधत फिरू नका. जिला गरज आहे तिला वेळेत सिझर मिळणं हेच महत्त्वाचं, ठरावीक टक्केवारी गाठणं नव्हे, असं त्याच 2015 च्या निवेदनात म्हटलं आहे.

प्रश्न (म्हापसा): गोव्यात दर चौघांत एकाला मधुमेह, असं पेपरात वाचलं. सरकारी पाहणीत दुसराच आकडा दिसतो. बाबा 62 वर्षांचे आहेत. त्यांनी कोणता धरायचा?

उत्तर: दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. चौघांत एक, म्हणजे 26.4 टक्के, हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासातला, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा. देशात गोवा सर्वांत वर आणि देशाची सरासरी 11.4. तो 20 वर्षांवरच्या लोकांचा आहे. त्यात उपाशीपोटी साखर बघून, ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा बघितली होती. कुटुंब आरोग्य पाहणीत 15 वर्षांपासूनचे लोक आहेत, बोटातून थेंब घेऊन त्या वेळची साखर मोजली आहे आणि 140 च्या वर असलेले किंवा औषध घेणारे वेगळे काढले आहेत. माणसं वेगळी, चाचणी वेगळी, मग आकडेही वेगळे येणारच.

दुसरं कारण वयाचं. 2011 च्या जनगणनेत केरळच्या खालोखाल ज्येष्ठांचं प्रमाण गोव्यातच होतं, 11.2 टक्के. वय वाढतं तसा मधुमेह वाढतो. त्यामुळे गोव्याच्या आकड्यात खाण्यापिण्याबरोबर वयाचाही वाटा आहे.

बाबांसाठी मात्र राज्याची सरासरी हवीच कशाला? त्यांची स्वतःची चाचणी काही रुपयांत होते. उपाशीपोटी 126 किंवा वर, ग्लुकोजनंतर दोन तासांनी 200 किंवा वर, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) 6.5 किंवा वर, यातलं एक दिसलं आणि काही लक्षणं नसली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करायची. रक्तक्षय (अ‍ॅनिमिया) असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचबीएवनसी फसवते, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

प्रश्न (मडगाव): आईला सुचवलेल्या गोळीने पक्षाघाताचा धोका एक तृतीयांशाने घटतो म्हणतात. घ्यावी का?

उत्तर: एक तृतीयांश कशाचा, ते आधी विचारा. समजा आईसारख्या शंभर जणींपैकी दहा वर्षांत तिघींना पक्षाघात होणार असेल, तर गोळीने दोघींना होईल. शंभरात एकीचा फायदा. तिसांना होणार असेल तर विसांना होईल, म्हणजे दहा जणी वाचतील. दोन्हीकडे घट 'एक तृतीयांश'च. डॉक्टरांना विचारा: आईच्या वयाच्या, तिच्यासारखं ब्लडप्रेशर आणि साखर असलेल्या शंभर जणींत गोळी न घेता किती आणि घेऊन किती? दुष्परिणामही शंभरातच मोजून घ्या. उपचारांचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सोप्या भाषेतले सारांश फुकट वाचता येतात आणि त्यातल्या काहींत हा हिशेब मांडलेला असतो. चालू गोळी मात्र आकडे वाचून आपल्या मनाने बंद करू नका.

प्रश्न (डिचोली तालुका): आमच्या दोन हजार वस्तीच्या गावात गेल्या वर्षी पाच जणांना कॅन्सर निघाला. पाणी खराब आहे का? गाव सोडावं का?

उत्तर: भीती वाटणं साहजिक आहे, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो. देशात वर्षाला लाखामागे साधारण 100 नवे रुग्ण निघतात (2022 चा अंदाज). म्हणजे दोन हजार वस्तीत सरासरी दोन. पण सरासरी दोन असली तरी दर वर्षी दोनच निघत नाहीत. कधी एकही नाही, कधी चार. निव्वळ योगायोगाने पाच किंवा जास्त निघण्याची शक्यता शंभरात सुमारे पाच. गोव्यात 191 ग्रामपंचायती आहेत. त्या सगळ्या तुमच्या गावाएवढ्या धरल्या, तर कुठलंही खास कारण नसताना दर वर्षी दहाएक गावांत असं वर्ष येईल.

याचा अर्थ पाणी स्वच्छ आहे असा होत नाही. पाचावरून काही सिद्ध होत नाही, एवढंच. आता एक वही घ्या आणि प्रत्येकाची नोंद करा: वय, कॅन्सर कुठल्या अवयवाचा, निदान कधी झालं, गावात किती वर्षं राहणं आहे, काम कोणतं, तंबाखू. पाच जणांना पाच वेगवेगळे कॅन्सर असतील तर त्यांमागे एकच कारण असण्याची शक्यता कमी. एकाच प्रकारचे असतील, किंवा एरवी म्हातारपणी होणारा कॅन्सर तिशीत दिसत असेल, तर ती वही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आणि पणजीत कांपालला आरोग्य संचालनालयात लेखी अर्जासह द्या, पोच घ्या. मागची तीन-चार वर्षंही लिहा, फक्त वाईट वर्ष निवडू नका.

मृत्यूच्या नोंदींवरून पडताळणार असाल तर जपून. वैद्यकीय कारणासह मृत्यू नोंदण्यात गोवा देशात सर्वांत पुढे आहे: 2020 च्या अहवालात गोवा 100 टक्के, देश 22.5. पण कायद्याने मृत्यू जिथे घडला तिथेच नोंदला जातो. तुमच्या गावचा माणूस बांबोळीला गेला तर नोंद तिसवाडी तालुक्यात होते आणि सावंतवाडीहून आणलेल्याचीही तिथेच. म्हणून गावच्या पंचायतीच्या वहीत आकडा कमी दिसेल आणि तिसवाडीचा फुगलेला. मृताचा राहण्याचा पत्ता कोणता, हे पाहून मोजा.

आणि घरातल्या तिशीवरच्या सगळ्यांची तोंडाची, स्त्रियांची स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ती सरकारी आरोग्य केंद्रांत होते, तिच्यासाठी वहीचा निकाल लागेपर्यंत थांबायचं कारण नाही.